टाकीतली हवा कोणी बंद केली

अश्विनी,

तुझ्या ऑफिसातल्या दोघी घरी आल्या होत्या. तुझ्यावर लहानसं पुस्तक काढणार आहेत. सगळ्यांनी आठवणी दिल्यात, घरातल्याही कोणीतरी लिहावं म्हणाल्या. माझा सुनील म्हणाला, मला जमणार नाही, आणि उठून गॅलरीत गेला. ओवी म्हणाली, आजीला सांगा, तिला तोंड आहे. त्यातली एक मला म्हणाली, "आजी, छान छान आठवणी लिहा." मी म्हटलं, "छान न्हाईत माझ्याकडं. हायेत त्या लिहिते."

माझी चौथी झालेली आहे. लिहिता येतं. चुका तुझी लेक ओवी सुधारेल. तुझी डिग्री, तुझी नोकरी, तुला मिळालेली ढाल हे बाकीचे लिहितील. माझं तुझ्याशी भांडण राहिलंय, ते मी इथं भांडते. तू उत्तर द्यायला नाहीस, तो दोष माझा नाही.

तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी पाहुण्यांना सांगायची, सून कंपनीत साहेब आहे. कसली कंपनी ते सांगत नसे. चाकणच्या कंपन्यांतलं आणि इकडच्या सोसायट्यांतलं मैलापाणी साफ करायचे प्लांट तू बघतेस, हे माझ्या तोंडून निघत नव्हतं. आम्ही इथले जुने शेतकरी. शेतं गेली, त्यावर इमारती आल्या, आम्ही त्याच इमारतीत राहायला आलो, पण नाक तेवढं वर राहिलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला भावकीतल्या बायका बसल्या होत्या. एकीनं विचारलं, "सूनबाई काय करती गं?" मी तोंड उघडायच्या आत तू तिळगुळाचं ताट घेऊन आलीस आणि म्हणालीस, "गटाराच्या पाण्याला हवा देते मी."

बायका हसल्या. एक म्हणाली, "म्हंजी पंखा लावती का काय?"

"लावते की. फक्त खालून लावते," तू म्हणालीस आणि तिच्या हातावर तिळगूळ ठेवलास.

बायका गेल्यावर मी तुला बोलले. "लाज न्हाई वाटत तुला? चारचौघीत गटाराचं नाव काढतीस."

"आत्या, घाण सगळेच करतात की ओ. लाज मी एकटीनं कशाला बाळगू?"

तुमच्या लातूरकडं सासूला आत्या म्हणतात, ते मला आवडलं होतं. उत्तर आवडलं नाही. असली पुष्कळ उत्तरं तू या घरात ठेवून गेली आहेस.

तू आणखी एकदा माझा जीव खाल्ला होतास. पिंपरीच्या बाजारातून आपण गाडीतून येत होतो. मागच्या सीटवर मेथी, वांगी, आणि दिवाळीचे रवा-बेसन. तू मध्येच गाडी एका प्लांटवर वळवलीस. तिथल्या माणसानं तपकिरी पाण्याचे कॅन आणून माझ्या मेथीशेजारी ठेवले.

"हे काय?"

"विरजण आहे आत्या."

"कशाचं?"

"आपल्या सोसायटीच्या टाकीचं. टाकी नवीन धुतलीय, तिच्यात घाण खाणारे जंतू नाहीत. दुसऱ्या चांगल्या टाकीतले थोडे नेऊन सोडायचे, मग ते आपोआप वाढतात. दह्यासारखंच."

"दह्याचं नाव काढू नको. मी दही खाते."

"झाकण घट्ट आहे."

झाकण घट्ट नव्हतं. ताथवड्याच्या पुलाखालच्या गतिरोधकावर ते सांडलं. मी शिव्या दिल्या, तू हसत होतीस. घरी आल्यावर बोटावर थोडं घेऊन माझ्या नाकासमोर धरलंस. "वास तर घेऊन बघा. चांगल्या टाकीचा वास असा येतो." मी तोंड फिरवलं आणि घाण मारतंय म्हणाले. मेथी टाकून दिली. आता सांगते, वास वाईट नव्हता. खड्ड्यात मुरलेल्या शेणखताला येतो तसा होता. मी तो वास लहानपणापासून ओळखते. तुला सांगितलं असतं तर तू चार दिवस तेच तेच बोलली असतीस, म्हणून सांगितलं नाही.

तुझं काम मला कधी पूर्ण कळलं नाही. जेवताना तू बोलायचीस तेवढं कळलं. टाकीतले जंतू घाण खातात, पण त्यांना श्वास घ्यायला हवा लागते. ती हवा ब्लोअर नावाचं यंत्र नळीतून टाकीच्या तळाला सोडतं. प्लांटला जी वीज लागते त्यातली निम्म्याहून जास्त या हवेतच जाते. आपल्या बेसमेंटमधला ब्लोअर आधी दिवसरात्र एकाच जोरानं ओरडत असायचा. खालच्या मजल्यावरच्या लोकांना झोप नाही, आणि बिल बघून चेअरमनला झोप नाही. जुन्या नळ्यांतून मोठाले बुडबुडे यायचे, भडाभडा वर येऊन फुटायचे, पाण्याला त्यांचा काही उपयोग नाही. तू तळाला रबराच्या ताटल्या बसवल्यास, त्यांना बारीक भोकं. बुडबुडा लहान झाला की सावकाश वर येतो, वाटेत पाण्याला हवा देतो. मग पाण्यात किती हवा आहे ते मोजणारी दांडी बसवलीस, आणि तिच्याप्रमाणे ब्लोअरचा वेग कमीजास्त होऊ लागला. सकाळी सगळे आंघोळी करतात तेव्हा जोरात, दुपारी हळू.

"पोळी तव्यावर असताना गॅस मोठा ठेवता, पोळ्या झाल्या की बारीक करता ना? तेवढंच केलंय," तू म्हणालीस.

"मग एवढं शिकलीस कशाला? मी पण केलं असतं."

"तुम्ही केलं असतं तर मला घरी बसून पोळ्या कराव्या लागल्या असत्या. तुमच्याच जिभेवर संकट आलं असतं."

हे मात्र खरं होतं. तुझ्या पोळ्या वातड व्हायच्या.

बिल उतरलं. चेअरमननं गणपतीत तुला शाल दिली. तो माणूस वाईट नाही हे मी आधी लिहून ठेवते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल मी राक्षस उभा करतेय. लिफ्ट बंद पडली तर धावून येतो, म्हाताऱ्यांना दवाखान्यात सोडतो, मला आजी म्हणतो. पण शालीनंतरच्या मीटिंगमध्ये तो उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, ब्लोअर निम्म्या वेगावर चालतोय आणि पाणी चांगलं येतंय. मग दिवसा बंदच ठेवून बघू की. निम्म्यानं भागतंय तर शून्यानंही भागेल."

आणि सगळे माना डोलवायला लागले. इंजिनिअर, आयटीवाले, बँकवाले, सगळे. मी मागं खुर्चीवर होते. मला वाटलं, हे गमतीनं बोलतायत.

तू म्हणालीस, "साहेब, तुमचा दोन चपात्यांवरून एका चपातीवर आलेला डाएट चांगला चाललाय. उद्यापासून एकही खाऊ नका. चालेल का?"

लोक हसले. चेअरमनही हसला, पण सोडलं नाही. "मोठ्या प्लांटवर मध्येमध्ये बंद ठेवतात. मी वाचलंय."

"ठेवतात. थोडा वेळ, पाणी ढवळत ठेवून, हवा मोजत. टायमर लावून दिवसभर नाही. ढवळलं नाही तर गाळ तळाला बसेल, रबराची भोकं बुजतील, जंतू मरतील. परत सगळं पहिल्यापासून करावं लागेल."

"ट्राय तर करू."

"नाही," तू म्हणालीस.

ते 'नाही' पुढं वर्षभर चाललं. दर मीटिंगला विषय निघायचा, दर वेळी तू नाही म्हणायचीस. घरी येऊन ताट समोर घेऊन परत सगळं सांगायचीस, भाकरी गार व्हायची. मी म्हणायची, "तुला काय पडलंय? पगार देत्यात का तुला? करू दे त्यांना काय करायचं ते." तू म्हणायचीस, "आत्या, काम मी केलंय. बंद करून ठेवलं की ते माझंच नाव घेणार."

तुझं ते बोलणं मी तेव्हा कानाआड केलं. आता ते मला फार आठवतं.

माझा खरा राग पुढं आहे. पोट दुखायचं तुझं. जेवण झालं की हात पोटावर ठेवून बसायचीस. मी म्हणाले, दाखव. तू ॲसिडिटीची गोळी खाल्लीस. वजन उतरलं. मी म्हणाले, दाखव. तू म्हणालीस चाकणला एका कंपनीचा प्लांट चालू करायचाय, तेवढा झाला की जाते. तो झाला, दुसरा आला. टाकीत हवा किती हे तू घरी बसून मोबाईलवर बघायचीस. पाण्याचा रंग जरा बदलला की गाडी काढून जायचीस. स्वतःचा रंग बदलला ते आरशात दिसलं नाही? मला दिसत होतं. मी सुनीलला सांगितलं, तो म्हणाला, आई, ती ऐकते का कुणाचं. तो नवरा होता, त्यानं हात धरून न्यायचं. तुम्ही दोघं शिकलेले आणि दोघंही मूर्ख. हे छापलं तरी चालेल.

कळलं तेव्हा कॅन्सर पोटाच्या बाहेर गेला होता.

दवाखान्यात मी दिवसा तुझ्याजवळ असायची, शिफ्ट संपवून सुनील यायचा. आपल्या दोघींत पहिल्यांदा एवढा वेळ एका खोलीत भांडणाशिवाय गेला. तू माझ्या हातची भाताची पेज मागायचीस, दोन चमचे घ्यायचीस. मी तुझे केस विंचरायची. जे राहिले होते ते. तू म्हणालीस, "आत्या, लग्नात माझ्या केसांवरून तुम्ही नावं ठेवली होतीत, आखूड म्हणून." मी म्हटलं, "व्हय, ठेवली होती. आखूडच होते."

आणि एके दिवशी तू विचारलंस, "आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ब्लोअरचा आवाज येतो का?"

मी खरं सांगितलं. "न्हाई येत. चार-पाच दिवस झाले."

तू फोन मागितलास. मी दिला नाही. तू उठायला लागलीस, सलाईनची सुई हलली, नर्स ओरडली. शेवटी दिला. तू चेअरमनशी बोललीस, आवाज निघत नव्हता तरी बोललीस. तो म्हणाला, मॅडम, फक्त ट्रायल आहे, तुम्ही तब्येतीकडं बघा. फोन ठेवल्यावर तू भिंतीकडं तोंड केलंस. मी म्हणाले, "मराया टेकलीस आणि त्यांच्या गटाराची काळजी करतीस? मरू दे त्यांना त्यांच्या वासात." पुढं त्या गोष्टीवर आपण बोललोच नाही. मला वाटलं, सुटलीस त्यातनं. त्यानंतर महिना काढलास तू. तो महिना मी लिहिणार नाही.

क्लबहाऊसमध्ये शोकसभा झाली. तुझा शालीचा फोटो मोठा करून लावला होता. मला पुढच्या खुर्चीत बसवलं. सगळे चांगलं बोलले. चेअरमन शेवटी उठला, डोळे पुसले, खरंच पुसले, आणि म्हणाला, "वीज वाचवायचा ध्यास मॅडमनी आपल्याला दिला. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली आज आपला ब्लोअर दिवसाचा बराच काळ बंद असतो."

मी सुनीलकडं बघितलं. तो पायाकडं बघत होता. तेव्हा माझ्या अंगात बोलायची ताकद नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी बेसमेंटमध्ये गेले. तुझी टाकी मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली. प्लांटवरचा माणूस म्हणाला, "आजी, इकडं येऊ नका, वास आहे." वास होताच. कुजलेल्या अंड्याचा. पाणी काळं, वर साय आलेली, हलत नव्हतं. मी म्हटलं, "चालू कर." तो म्हणाला, "टायमरवर आहे. मला हात लावायला सांगितलेलं नाही." मग तोच हळू आवाजात म्हणाला, "आणि चालू केला तरी ताटल्या बुजल्यात. एका कोपऱ्यातच बुडबुडे येतात." तो कोपरा त्यानं दाखवला. ब्लोअर बंद, त्यामुळं आता तिथंही काही येत नव्हतं.

हेच तू सांगितलं होतंस. शब्द न् शब्द. तू बरोबर निघालीस याचा मला काहीही आनंद झाला नाही.

मग मागच्या ओढ्याकडच्या वस्तीतून तक्रार गेली. आपलं पाणी तिकडं जातं, काळं यायला लागलं, वासानं त्यांना दारं उघडता येईनात. महापालिकेचा माणूस बघायला आला. रविवार होता, सुनील घरी होता. मी भाजीची पिशवी घेऊन खाली उतरले तर पार्किंगमध्ये घोळका. त्या माणसानं विचारलं, "ब्लोअर बंद ठेवायला कोणी सांगितलं?"

चेअरमन म्हणाला, "आमच्या इथं एक मॅडम होत्या. त्याच विषयातल्या इंजिनिअर. सेटिंग सगळं त्यांचंच होतं. त्या आता नाहीत."

किती सोपं झालं बघ. त्या आता नाहीत.

मी पुढं गेले. "मी तिची सासू. तिनं बंद करायला सांगितलं न्हवतं. वर्षभर न्हाई म्हणत होती, मरेपर्यंत न्हाई म्हणत होती. विचारा इथं उभ्या असलेल्या कुणालाबी."

कोणालाही विचारायची गरज पडली नाही, कारण सगळे आपापल्या मोबाईलमध्ये बघायला लागले. महापालिकेचा माणूस म्हणाला, "आजी, तुम्हाला यातलं कळतं का?"

"यातलं न्हाई कळत. कोण कुणावर ढकलतंय तेवढं कळतं."

सुनील मागं उभा होता. तोही काही बोलला नाही. मला वाटलं, भिडस्त आहे, बापावर गेलाय.

जेवायला बसल्यावर त्यानं ताट पुढं सरकवलं. "आई, तू चुकीचं बोललीस."

"काय चुकीचं?"

"मरेपर्यंत नाही म्हणाली, हे. शेवटच्या आठवड्यात चेअरमनचा फोन आला होता. तिला धरवत नव्हता, मी कानाशी धरला. त्यानं विचारलं, मॅडम, बंद ठेवलं तर तुमची हरकत नाही ना? ती म्हणाली, करा तुम्हाला काय करायचं ते. मला नका विचारू."

मी घास खाली ठेवला.

"मग तिथं का न्हाई बोललास?"

"तू बोलत होतीस. तुझ्यापुढं काय बोलू?" मग म्हणाला, "आई, आपल्याला इथंच राहायचंय. लोकांनी ग्रुपवर मला काय काय लिहिलंय. तो माणूस परत येणार आहे. चेअरमन म्हणतोय, तू तेवढं सांग की मॅडम हो म्हणाल्या होत्या. खरंच म्हणाली होती ती. आणि एवढं करून तू माझी बायको परत आणणार आहेस का?"

त्याचं ते रडणं मी लहानपणानंतर पहिल्यांदा ऐकलं. ओवी आत होती, बाहेर आली नाही.

अश्विनी, त्या दिवशी मी तुझ्यावर जेवढी चिडले तेवढी तू असताना कधी चिडले नव्हते. वर्षभर माझी भाकरी गार केलीस, मला बुडबुडे पाठ करून दिलेस, आणि शेवटी करा म्हणालीस? आणि मला कळूही दिलं नाहीस? मी सगळ्या सोसायटीसमोर छाती काढून उभी राहिले ते कशाच्या जोरावर? मी तुझ्या फोटोकडं तोंड करून हे सगळं मोठ्यानं बोलले. ओवी घाबरली.

दोन दिवस गेले. मग चेअरमनच्या दारात गेले. अर्धवट बोलले होते, ते पुरतं करायला हवं होतं. त्यानं आत बोलावलं, पाणी दिलं. मी बसले नाही.

"तुम्ही म्हणता ते खरं हाय," मी म्हटलं. "ती करा म्हणाली होती."

त्याचा चेहरा सैल झाला. "बघा आजी. मी काय उगाच बोलेन का? मॅडमबद्दल आदर आहे मला."

"ती करा म्हणाली तवा तुमचा ब्लोअर बंद होऊन किती दिवस झाले होते?"

आत त्याची बायको कुकर लावत होती, ती थांबली.

"मला आवाज यायचा बंद झाला, मी तिला सांगितलं, तिनं तुम्हाला फोन केला. तुम्ही ट्रायल म्हणालात. मग तीन आठवड्यांनी तुम्हीच फोन करून तिला विचारलंत. बंद करून झाल्यावर विचारलंत. का विचारलंत?"

"आजी, तसं काही मनात नव्हतं."

"वास सुटला होता. कुणाचं तरी नाव पायजे होतं. तिच्या नाकात नळी होती, साहेब. पाणी जात न्हवतं पोटात. तवा तुम्ही तिला ब्लोअरचं विचारलं."

"आता जाऊ द्या आजी. गेलेल्या माणसाला मध्ये कशाला आणायचं?"

"आणलं कुणी?" मी विचारलं आणि निघाले. लिफ्टची वाट बघताना त्याची बायको दारात आली. नुसती उभी राहिली. ती आधी मला देवळात न्यायची. आता नेत नाही.

सध्या ब्लोअर चालू आहे. तुझ्यासाठी नाही, महापालिकेचा माणूस परत येणार म्हणून. ताटल्या काढून नवीन बसवायच्या की नाही याच्यावर मीटिंगा चालल्यात. तुझ्या ऑफिसातल्या या दोघी म्हणाल्या, आजी, विरजण आम्ही आणून देऊ, आधी ताटल्या बसू द्या. जिन्यात काही जण माझ्याशी बोलत नाहीत, काही जण हळूच येऊन म्हणतात, बरं केलंत. हळूच बोलणाऱ्यांचा मला काही उपयोग नाही. सुनील माझ्याशी कामापुरतं बोलतो. तुझा तो शेवटचा शब्द त्यानं उराशी धरलाय, कारण तो त्याच्या हातातल्या फोनवर बोललीस. त्याला वाटतं तो शब्द राखला की तू राहशील.

मी तो शब्द राखणार नाही. तो शब्द दुखण्याचा होता, तुझा नव्हता. तुझा शब्द मला माहीत आहे, मी तो वर्षभर जेवताना ऐकलाय. तो माणूस परत आला की मी खाली जाईन आणि सगळं सांगेन, ती करा म्हणाली हे सांगेन, कधी म्हणाली आणि कोणी म्हणवलं तेही सांगेन, आणि त्याला म्हणेन, तिचं म्हणणं 'नाही' हेच होतं असं धरा. सुनीलला हे मी तोंडावर सांगितलंय. तो म्हणाला, "आई, तिनं स्वतः सांगितलेलं तू मोडतेस."

हो, मोडते. तू या घरात आल्यापासून माझं एक म्हणणं ऐकलं नाहीस. दाखव म्हणाले, दाखवलं नाहीस. सोड म्हणाले, सोडलं नाहीस. मी तुझी सासू आहे. हे एक तुझं मी ऐकत नाही.